नवा मासा आणायची घाई कुणाला?

माझ्या ओळखीतल्या चार घरांत सध्या मरीन टँक आहेत. दोन डोंबिवलीत, एक कल्याणला आणि एक ठाण्यात घोडबंदर रोडवर. चौघेही माझ्यासारखेच, सोमवार ते शुक्रवार लोकल आणि लॅपटॉप यांच्यामध्ये पिळून निघणारे. आणि चौघांचाही प्रश्न एकच: "टँक लावून दीड महिना झाला रे, आता पुढचा मासा कधी आणू?" माझं उत्तर ऐकून मंडळी वैतागतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझं मत थोडक्यात असं. नवा मासा आणायचा दिवस आपल्या सुट्टीवरून ठरू नये, टँकवरून ठरावा. रविवारी सकाळी कुर्ल्याच्या मासळीबाजारात जायला वेळ मिळतो, हे काही मासा आणायचं कारण होऊ शकत नाही.

आता थोडी केमिस्ट्री. मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. हा अमोनिया त्याच्यासाठीच विष. दगडांवर आणि वाळूत वाढणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. नव्या टँकमध्ये ही फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याला आपण 'सायकल होणे' म्हणतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

गफलत पुढे आहे. "सायकल झाली ना साहेब, मग टाका की चार मासे!" असं दुकानदार म्हणतो. पण बॅक्टेरियांची फौज कायम जेवढ्यास तेवढीच असते. दोन छोटे क्लाउन जेवढा अमोनिया सोडतात, तेवढ्यावर जगतील एवढेच बॅक्टेरिया टँकमध्ये असतात. त्यात एका रविवारी आणखी चार मासे सोडले की लोड एका दिवसात तिप्पट. आणि हे काही विरजणातले बॅक्टेरिया नव्हेत, की रात्री लावलं आणि सकाळी दही तयार. यांची वाढ अगदी संथ. मधल्या काळात जो अमोनिया साठतो, तो माशांनाच भोगावा लागतो.

आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, दोन युजरवर टेस्ट केलेल्या सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी शंभर युजर सोडून घरी निघून जाण्यासारखं आहे हे. त्यात एकदम चार मासे आणले आणि त्यातला एक आजारी निघाला, तर बिघाड कुठून आला हे शोधताही येत नाही.

दुसरा मुद्दा क्वारंटाइनचा. २०२० नंतर हा शब्द कुणाला समजावून सांगायला नको. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो, क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे. तो बऱ्याचदा आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे दुकानात मासा अगदी स्वच्छ दिसतो. काही दिवसांनी तो मासा सोडून वाळूत, दगडावर गाठ करून बसतो आणि आठवड्यांनी तिथून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत निघतात. एकदा तो मुख्य टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. तांब्याचं औषध चालतं, पण ते कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळ्यांना मारतं, म्हणून मुख्य टँकमध्ये घालता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. तीस-चाळीस लिटरचा वेगळा डबा, एक स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. नवा मासा किमान चार आठवडे तिथे. "वन बीएचकेमध्ये जागा कुठे आहे?" असं विचारतात. माझं स्पष्ट मत, क्वारंटाइनच्या डब्याला जागा नसेल तर नव्या माशालाही जागा नाही.

यातला एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. क्वारंटाइन प्रामाणिकपणे पाळलं, तर दोन माशांमध्ये महिन्याचं अंतर आपोआपच पडतं. बॅक्टेरियांना हवा असतो तोच वेळ. म्हणजे वेगळा संयम ठेवायची गरजच नाही, डबाच तो ठेवतो.

माझे नियम असे:

१. खायला घातल्यानंतरही अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य. त्याआधी कुर्ल्याचं तिकीट काढायचं नाही.

२. एका वेळी एक मासा. जोडी असेल तर एक जोडी.

३. लाजाळू मासे आधी, दादागिरी करणारे शेवटी. "डॅमसेल चिवट असतो, पहिला तोच टाका" हा सल्ला ऐकू नका. तो पूर्ण टँकचा सातबारा आपल्या नावावर करून घेतो आणि नंतर येणाऱ्याला जगू देत नाही.

४. दुकानातली लांबी बघू नका, पूर्ण वाढीची बघा. निळी 'डोरी' दुकानात बोटाएवढी दिसते, पण ती ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते. तीन फुटी टँकमध्ये तिचं काय काम?

५. लाइट गेल्यावर काय करणार, हे आधी ठरवा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २० टक्के कमी ऑक्सिजन मावतो. जास्त मासे म्हणजे हातात कमी तास. बॅटरीवर चालणारा एअर पंप माशाच्या आधी घ्या.

आता खरा वाद. एका मित्राने मला ऐकवलं, "मासाच आहे रे तो. बाजारात सुरमई घेताना एवढा विचार करतोस का?"

सुरमई मी चवीने खातो. पण खाताना तिला घर देतोय असा आव आणत नाही. टँकमधल्या माशाला आपण घर देतोय असं म्हणतो, तेव्हा हिशेब बदलतो. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली बहुतेक फार्मवर वाढलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक जाती मात्र अजूनही प्रवाळांतून पकडून आणल्या जातात. डोरीची बंदिस्त पैदास पहिल्यांदा जमली ती २०१६ मध्ये, फ्लोरिडात. क्लाउन वीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. आपल्या घाईपायी तो वीस दिवसांत गेला, तर "बॅड लक" म्हणून पुढच्या रविवारी दुसरा आणायचा, याला छंद म्हणवत नाही मला.

म्हणून शक्यतो पैदास केलेलाच मासा मागा. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन आणि डॅमसेलची पैदास केव्हाच जमवली आहे. ठाणे खाडीच्या काठावर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी उभी राहिली आहे. दुकानदाराला विचारा, "हॅचरीतला आहे का?" शंभर जणांनी विचारलं तर तो ठेवू लागेल. आणि कुणी समुद्रघोडा किंवा जिवंत प्रवाळ पुढे केला तर सरळ बाहेर पडा. त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

"पण तोपर्यंत टँकमध्ये बघायचं काय?" भरपूर आहे हो. आधी दगडांवर तपकिरी थर येतो, मग हिरवा. रात्री टॉर्च मारली की काचेवर मोहरीपेक्षा बारीक कोपेपॉड पळताना दिसतात. कुठल्या तरी दगडातून एखादा किडा पंख्यासारखा पिसारा बाहेर काढतो आणि सावली पडताच झटकन आत ओढतो. यातलं काहीही आपण विकत आणलेलं नसतं. समुद्र हळूहळू घरात येत असतो. त्याला त्याच्या गतीने येऊ द्या.

असो. टँक तुमचा, पैसे तुमचे. जीव मात्र त्या माशाचा.