दिव्यांगांना कीव नको, शिकलेली माणसे हवीत

रमजान आला की आपल्या मोहल्ल्यांत व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्रे वाटण्याचे कार्यक्रम होतात. मंच लागतो, फोटो निघतात, दुआ होते. देणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण दोन महिन्यांनी ती व्हीलचेअर कुठे आहे, हे पाहायला कोणी जात नाही. मापाची नसलेली खुर्ची दिवसभर बसणाऱ्याच्या अंगाला जखमा करते. श्रवणचाचणीनुसार न बसवलेले यंत्र कपाटात जाते. वस्तू घरापर्यंत पोहोचते. ती वापरायला शिकवणारा माणूस मात्र पोहोचत नाही. असा माणूस आपल्या मुलामुलींमधून तयार झाला पाहिजे. तोही सवाबाचे काम करणारा स्वयंसेवक म्हणून नव्हे, तर रीतसर शिकलेला आणि पगार घेणारा व्यावसायिक म्हणून.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व हे सगळे त्यात आले. कायद्याने हक्क दिले. पण वर्गात, दवाखान्यात, घरात ते हक्क प्रत्यक्षात आणणारे हात फार कमी आहेत.

एक उदाहरण घेऊ. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असे या क्षेत्रात मानले जाते. आपल्या घरांत काय होते? ‘याचे चाचाही उशिराच बोलायला लागले होते’ असे म्हणत तीन वर्षे निघून जातात. भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे हीच असतात. केंद्र सरकारच्या योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळू शकते. पण शस्त्रक्रियेने आवाज मिळतो, भाषा मिळत नाही. त्यासाठी पुढे दीर्घकाळ थेरपी लागते आणि ती घरीही रोज करून घ्यावी लागते. थेरपिस्ट शंभर किलोमीटरवर असेल, तर रोजंदारीवर जाणारा बाप किती खेपा घालणार?

त्यात प्रश्न भाषेचाही आहे. मूल ज्या भाषेत अम्मीला हाक मारणार, त्याच भाषेत थेरपी सुरू व्हायला हवी. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, गल्लीत हिंदी, कोकणात आणखी वेगळी बोली, अशी आपल्याकडची स्थिती. ही सरमिसळ आपल्यासाठी रोजची आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला ती अडचण वाटते. मराठीत अहवाल लिहू शकणारी, मुख्याध्यापकांशी मराठीत भांडू शकणारी आणि त्याच मुलाच्या दादीला दखनीत समजावणारी मुलगी या क्षेत्रात आली, तर तिच्याकडे पहिल्या दिवसापासून असे भांडवल असेल जे कोणत्याही पदवीने मिळत नाही. आपले बहुभाषिक असणे इथे थेट कामाला येते.

मग शिकायचे कुठे? वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. वाचा व श्रवण दिव्यांगत्वाच्या क्षेत्रातली देशातली ही एक प्रमुख संस्था. वाचा-श्रवणशास्त्राची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची असते आणि त्यासाठी बारावी विज्ञान लागते. कला-वाणिज्यवाल्यांसाठीही वाटा आहेत. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी होण्यासाठी दोन वर्षांची पदविका आहे; विशेष शिक्षणात डी.एड. आणि बी.एड. आहे. हाजी अलीला जियारतीसाठी आपल्यापैकी कितीतरी जण जातात. तिथून जवळच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासूनच्या या संस्थेत कृत्रिम अवयव बनवण्याचे आणि बसवण्याचे शिक्षण मिळते. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. आशियातली ती अशी पहिली शाळा. म्हणजे या कामाची मोठी परंपरा आपल्याच राज्यात आहे. आपली मुले तिच्या दाराशी कमी जातात, एवढेच.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘तीन महिन्यांत थेरपिस्ट व्हा’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव तज्ज्ञ यांच्यासाठी १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव, या दोन्हींशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांच्यासाठी राज्याची वेगळी परिषद आहे. फी भरण्याआधी संस्थेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. कागद खोटा निघाला तर तुमचे पैसे जातात, आणि एखाद्या मुलाची परत न येणारी वर्षेही जातात.

‘यात स्कोप काय?’ हा प्रश्न घरातून येणारच, आणि तो चुकीचा नाही. खोटी स्वप्ने दाखवण्यात अर्थ नाही. विशेष शिक्षक वर्षानुवर्षे सरकारी योजनांत कंत्राटावर राबले आहेत. खासगी केंद्रांत सुरुवातीचा पगार कमी असतो. पण चित्र हलते आहे. पहिली ते पाचवीत १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने ठरवून दिले. मार्च २०२५ मध्ये पदे मंजूर करून भरण्याबाबत न्यायालयाने सर्व राज्यांना पुन्हा बजावले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. ती पदे भरली जावीत म्हणून पाठपुरावा करावा लागेल, हे खरे. पण पदांची जाहिरात निघेल तेव्हा आपल्याकडे पात्र उमेदवारच नसतील, तर तक्रार कोणाकडे करणार?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. दिव्यांग म्हणजे फक्त मदत घेणारा, हे आपण गृहीतच धरले आहे. २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम शिक्षक नेमताना सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणाऱ्या दिव्यांग शिक्षकांचाही स्पष्ट उल्लेख करते. भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका तर कर्णबधिर व्यक्तींसाठीच आखलेली आहे. बारावी झालेल्या कर्णबधिर तरुणाला आपण शिलाई मशीन देऊन मोकळे होतो. तो शिक्षक होऊ शकतो, ही शक्यता त्याला कोणी सांगत नाही. सेवा करणारे आपण आणि सेवा घेणारे ते, ही विभागणीच आधी मोडायला हवी.

हे होण्यासाठी फार मोठी मोहीम लागत नाही. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या ट्रस्टनी दरवर्षी दोन जागा या अभ्यासक्रमांसाठी ठेवाव्यात. त्यातली एक दिव्यांग विद्यार्थ्याची असावी. दहावी-बारावीच्या सत्कार समारंभात करिअरवर बोलायला एखाद्या विशेष शिक्षिकेला बोलवावे. मालेगाव, भिवंडी, मुंब्र्यासारख्या ठिकाणी शिकून परतणाऱ्यांना एखाद्या शाळेची रिकामी खोली केंद्रासाठी वापरू द्यावी. आणि तुम्ही स्वतः बारावीत असाल, तर अर्ज भरण्याआधी एक दिवस जवळच्या विशेष शाळेत परवानगी घेऊन बसा. एका अक्षरासाठी महिनाभर मेहनत घेणारी शिक्षिका बघा. हे काम आपल्याला जमेल का, याचे उत्तर कोणत्याही कौन्सेलरपेक्षा तो दिवस अधिक खरे देईल.