बोलावणं नसताना आलेल्या मुली



आपल्यापैकी कितीतरी जणी शाळेत गाईड होत्या. गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी आणि घराबाहेर तंबूत काढलेली पहिली रात्र. एरवी अंधार पडायच्या आत मुलीला घरात बोलावणारे वडील शिबिराच्या संमतीपत्रावर मात्र सही करत. या चळवळीचं तेवढं ऋण मान्य करूनच पुढचं लिहीत आहोत.

१९०७ साली बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर वीस मुलग्यांचं शिबिर घेतलं, तिथून स्काऊटिंग सुरू झालं. मुली त्यात नव्हत्याच. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातही 'मुलग्यांसाठी' असंच होतं. पण पुस्तक मुलींनीही वाचलं. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच जमवलेला गणवेश घालून हजर झाल्या. बोलावणं नव्हतं, आपणही स्काऊटच आहोत असं त्या सांगू लागल्या.

त्यांना घरी पाठवणं अवघड आणि मुलग्यांत घेणं नामंजूर. म्हणून १९१० मध्ये 'गर्ल गाईड्स' ही वेगळी संघटना निघाली आणि ती बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांच्याकडे सोपवली गेली. मुलींच्या तुकड्यांची प्राण्यांची नावं गेली, फुलांची आली. १९१२ च्या हस्तपुस्तकाचं शीर्षकच मुलींनी साम्राज्याच्या उभारणीला कसा हातभार लावावा असं होतं! लहान मुलींना १९१४ मध्ये 'रोजबड्स', म्हणजे गुलाबकळ्या म्हटलं गेलं. पोरींना ते मुळीच रुचलं नाही, नाव बदलावं लागलं. (आपल्याकडे आजही छोटे मुलगे 'कब', म्हणजे लांडग्याची पिल्लं, आणि मुली 'बुलबुल'.)

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पण बाजूला काढून दिलेल्या त्या खोलीत बायका सभा चालवायला, हिशेब ठेवायला, धोरण ठरवायला शिकल्या. १९२८ साली हंगेरीत त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. आज ती सुमारे दीडशे देशांत आहे. तिचं एक जागतिक केंद्र, 'संगम', १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे. मुली आणि तरुणींवरची हिंसा थांबवण्यासाठी या संघटनेने २०११ मध्ये मोहीम सुरू केली. साम्राज्याच्या हस्तपुस्तकापासून इथवरचा हा प्रवास मुलींच्या हाती कारभार होता म्हणून झाला, असं आम्हाला वाटतं.

आता मुलग्यांच्या संघटनांची दारं उघडत आहेत. ब्रिटनमध्ये २००७ पासून स्काऊटांच्या सगळ्या शाखा मुलींना खुल्या आहेत. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सने २०१८-१९ मध्ये मुलींना घेतलं, २०२५ मध्ये नावातला 'बॉय'ही काढला. स्वागत आहे. पण सदस्यसंख्या घसरत असतानाच हे दार उघडलं, हेही लक्षात ठेवू या. त्याच संघटनेने लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांपायी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२ हजारांहून अधिक जणांनी दावे दाखल केले. ते बहुतेक पुरुष होते, लहानपणी छळले गेलेले. मुलग्यांचा हा प्रश्न आपला नव्हे असं कोणी म्हणू नये. आज्ञाधारकपणाचं वचन, गणवेशातला मोठा माणूस आणि 'संस्थेची बदनामी नको' म्हणून पाळलेलं मौन, ही यंत्रणा आपण कुटुंबात आणि आश्रमशाळांत पाहत आलो आहोत.

आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही १९५० पासूनची एकच संघटना, गाईड तिच्यात १९५१ साली आल्या. संघटना एक, पण काम? १५ ऑगस्टला आमच्या ओळखीच्या एका शाळेत स्काऊट गर्दी आवरत होते आणि गाईड तबक घेऊन पाहुण्यांना ओवाळायला उभ्या होत्या. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गाईडच्या मुलींनाही नाही.

म्हणून आपल्या गटांना एक काम सुचवतो. जवळच्या शाळेत जा. शिबिराला बाई सोबत असतात का, तंबूत काही विपरीत घडलं तर मुलीने किंवा मुलग्याने सांगायचं कोणाला, २०१२ चा पॉक्सो कायदा शिक्षकांना माहीत आहे का, हे विचारा. आणि तबक कोणाच्या हातात असतं, तेही पाहून या. जे दिसेल ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.