आयजीच्या जिवावर अलास्का

ट्रम्पसाहेबांनी ग्रीनलंड मागितल्यापासून मोडनिंबच्या टपरीवरच्या विद्वानांना चेव आला आहे. त्यांचा सिद्धांत असा की, अमेरिका कुणाचं लुबाडत नाही, रोख मोजून घेते, अलास्का बघा. बोलणारा माणूस बांधाच्या वीतभर जागेसाठी भावाशी कोर्टात भांडतोय, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण परदेशातली जमीन म्हटली की त्याला व्यवहार दिसतो, मालक दिसत नाही.

तर बघूच अलास्का. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध संपून दोन वर्षं होत होती. मार्च १८६७ मध्ये परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी रशियाच्या झारशी करार केला आणि ७२ लाख डॉलरांत अलास्का घेतलं. तिथे रशियन होते काही शेकडे. बाकी मुलूख त्लिंगिट, अल्यूट, इनुइट लोकांचा. त्यांना कुणी विचारलं? उलट करारातच लिहून टाकलं की, ‘असंस्कृत’ जमातींना नागरिकत्व नाही, कायदे मात्र लागू. सातबारा एकाच्या नावावर आणि खरेदीखत तिसऱ्यानेच करून दिलं, तर आमच्या माढा तालुक्यात कुऱ्हाडी निघतात. तिथे इतिहास निघाला. मूळ रहिवाशांच्या हक्कांचा निवाडा करणारा कायदा आला १९७१ साली, म्हणजे १०४ वर्षांनी.

गुलामगिरी मोडायला लढलेल्या फौजेचं पुढे काय झालं, तेही विद्वान सांगत नाहीत. शर्मन आणि शेरिडन हे त्या युद्धाचे नामांकित सेनापती. युद्ध आटोपल्यावर त्यांचा मोर्चा पश्चिमेच्या माळरानांवरच्या मूळ रहिवाशांकडे वळला. १८६८ च्या फोर्ट लॅरामी करारानं ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख सू लोकांना कायमचा दिला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये सरकारनं तो काढून घेतला. कायमचा म्हणजे नऊ वर्षं.

खरा तमाशा १८९८ चा. स्पेनशी युद्ध जुंपलं आणि क्यूबाच्या मोहिमेवर कोण निघालं? जोसेफ व्हीलर. गुलामांचे मालक राखायला दक्षिणेच्या बाजूनं लढलेला घोडदळाचा सेनापती, आता अमेरिकेच्याच गणवेशात. फिट्झह्यू ली हाही तसलाच, त्यालाही सेनापतिपद मिळालं. उत्तर-दक्षिणेचं मनोमिलन झालं म्हणून टाळ्या पडल्या. पण जागा कुणाची होती? क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स, ग्वाम. घरच्या काळ्या नागरिकांच्या वाट्याला काय आलं, तर दोनच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेत गोऱ्या-काळ्यांचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले होते. भाऊ-भाऊ एक झाले ते असे: ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध झालं त्यांना घरात खाली दाबून आणि बाहेर तिसऱ्याच्या जमिनीवर चढून.

फिलिपिन्सचेही रोखच मोजले बरं का! दोन कोटी डॉलर, तेही स्पेनला. फिलिपिनी नेता आग्विनाल्दो यानं जूनमध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, त्याला दमडी नाही. पुढचं युद्ध १९०२ पर्यंत चाललं. उपासमार आणि पटकी धरून दोन लाखांच्या आसपास सामान्य माणसं गेली, असा अंदाज आहे. अध्यक्ष मॅकिन्लींच्या धोरणाचं नाव होतं ‘हितकारक सामिलीकरण’. गोड बोलून गळा कापायला एवढं चांगलं नाव आमच्या पेंढाऱ्यांनाही सुचलं नसतं.

आणि हे कौतुक करतो कोण? मोडनिंबचा माणूस! शेजारच्या मोहोळ तालुक्यात आष्टी आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे पडले आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले. त्याआधी आमचीही यादवी झाली होती. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं, १८०२ मध्ये यशवंतरावांनी हडपसरला पेशव्यांची फौज झोडपली, आणि बाजीराव धावले ते थेट वसईला, इंग्रजांच्या तहावर सही करायला. अमेरिकेनं यादवीनंतर दुसऱ्याच्या घरात पाय पसरले. आम्ही यादवीतच दुसऱ्याला पाय पसरायला अंथरूण घातलं. असल्या गावानं विस्तार बघायचा तो ज्याच्यावर झाला त्याच्या बाजूनं. आमचे विद्वान मात्र झारच्या मांडीवर बसून हिशेब घालतात.

बरं, अमेरिकेच्या त्या यादवी युद्धाची झळ इथवर पोचली नव्हती असंही नाही. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईत पैशाचा पाऊस पडला, दख्खनचा कापूस चढला, सावकारानं हात सैल सोडला. १८६५ मध्ये तिकडे शांतता झाली आणि इकडे भाव कोसळले. वर इंदापूर तालुक्याच्या सारा-आकारणीची तीस वर्षांची मुदत संपताच, अलास्काचा सौदा झाला त्याच सुमारास, इंग्रज सरकारनं सारा जवळपास दीडपट केला. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा सरकारला जाग आली. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला, त्यांत सोलापूर होतं.

आता अमेरिकेला जमीन घ्यायची तसदीही लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के कर लावला आणि सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांचं धाबं दणाणलं. त्याच महिन्यात दिल्लीनं काय करावं? बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. मराठवाडा-विदर्भातला कापूस वेचून बाजारात येतो तो नेमका त्याच महिन्यांत.