शिक्का नक्की कशावर मारलाय?

शनिवारची सकाळ झोपण्यासाठी असते. माझ्या या तत्त्वाला परवा मावसबहिणीने सुरुंग लावला. ती युक्रेनमध्ये विनित्सियाला मेडिकल करत होती, मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रुमानियामार्गे परत आली. तिच्या मार्कांचं इंग्रजी तिथल्याच अनुवादकाने केलंय, पण झेरॉक्सवरचे शेरे आणि नोटरीचा मजकूर मात्र युक्रेनियनमध्ये. तेवढ्या चार ओळींचं इंग्रजी इथल्या एका एजन्सीने करून दिलं, दणकून पैसे घेतले, आणि जिथे कागद द्यायचे तिथून ते परत आले.

बघतो तर काय, खाली छापलेलं, 'कॉपी इज लॉयल'.

कुत्रा लॉयल असतो हो, झेरॉक्स कशी असेल? मूळ शब्द 'कोपिया विर्ना'. 'विर्ना' म्हणजे निष्ठावान हे खरंच, पण शिक्क्यावर त्याचा अर्थ 'बरहुकूम' एवढाच. रशियन शेऱ्याची ती उसनी नक्कल आहे, आणि भाषेबद्दल काटेकोर असलेले युक्रेनियन लोक स्वतःच तिला नाकं मुरडतात. शुद्ध रूप 'झ्हिद्नो झ ओरिहिनालोम', म्हणजे मुळाप्रमाणे. आपल्या जुन्या दप्तरातलं 'अस्सलबरहुकूम' आठवा, शब्दाला शब्द जुळतो! इंग्रजीत दोन्हीला 'ट्रू कॉपी' म्हणा आणि मोकळे व्हा. 'एम. पी.' तर तसंच ठेवलेलं. ते 'मिस्त्से पेचात्की', शिक्क्याची जागा. आपल्याकडचा कारकून मध्य प्रदेश समजला तर दोष कुणाचा?

असो. हे विनोदी झालं. माझं डोकं फिरलं ते पुढच्या पानावर.

तिथे नोटरी म्हणतो, अनुवादकाची सही खरी आहे हे मी प्रमाणित करतो, ती माझ्यासमोर झाली. बस्स. एजन्सीने लिहिलं, 'अनुवाद अचूक असल्याचे मी प्रमाणित करतो.' वाचायला झकास, आणि साफ खोटं! युक्रेनच्या १९९३ च्या नोटरी कायद्यात कलम ७९ मध्ये या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. नोटरीला दोन्ही भाषा येत असतील तर तो अनुवादाची ग्वाही देतो. येत नसतील तर फक्त अनुवादकाच्या सहीची. आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. डिजिटल सही बरोबर आहे म्हणजे कोड कुणी पाठवला आणि वाटेत कुणी बदलला नाही एवढंच कळतं. त्यात बग नाही असं कोण म्हणालं? उद्या शरीरशास्त्राच्या मार्कांत चूक निघाली तर जबाबदार कोण, हे त्या एका वाक्यावर ठरणार.

फोन केला. "सर, सगळे असंच लिहितात. ऑफिसरला ओळखीचं वाक्य दिसलं की फाईल पुढे सरकते."

हे ऐकायला व्यवहारी वाटतं, म्हणूनच जास्त घातक. अनुवादकाला भाषा बदलायचा हक्क आहे, साक्ष बदलायचा नाही. नोटरी जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून वर त्याच्याच शिक्क्याचा आधार घ्यायचा, हा कुठला व्यवहार? आणि पकडलं गेलं तर कागद बनावट ठरणार पोरीचा, एजन्सीचा नाही.

तसंच 'प्रिवात्नी नोतारियुस'चं. त्यांनी 'नोटरी पब्लिक' केलं, कारण 'प्रायव्हेट नोटरी' म्हटलं की खोटा वाटतो म्हणे. अहो, तिथे सरकारी आणि खासगी असे दोन्ही नोटरी रीतसर होते आणि आहेत. आपला १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला वकील-नोटरी हा वेगळाच प्राणी, त्याचा कोट त्याला का घालता? विचित्र वाटलं तरी 'प्रायव्हेट'च लिहा, हवं तर खाली तळटीप द्या.

दुपारभर आम्ही दोघं ओळ न ओळ लावत बसलो. ती सिरिलिक भराभर वाचते. पेशंटशी बोलता यावं म्हणून शिकलेली भाषा, वापर झाला शिक्के वाचायला. एजन्सीने दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले, ते मी देणार नाही. 'लॉयल' काढलंय, सहीचं वाक्यही बदललंय. 'नोटरी पब्लिक' अजून तिथेच आहे. सोमवारी लंच ब्रेकमध्ये परत भांडणार.