वाडग्याचे बूड आणि इंदूरची हवा

लाकडी वाडगा विकत घेणारा मनुष्य त्याचा काठ पाहतो, रंग पाहतो, आतून हात फिरवून पाहतो. कातारी मात्र दुसऱ्या कातार्‍याचा वाडगा हाती येताच प्रथम तो उलटा करतो. बूड नितळ आहे, की तेथे स्क्रूची भोके आणि चकच्या दातांचे व्रण राहिले आहेत, यावरून त्यास कारागिराची ओळख पटते. अडचण अशी की, लेथवर वाडगा धरावयाचा असतो तो बहुधा बुडाशीच. आणि जेथे धरले आहे, तेथेच हत्यार कसे चालवावे?

सावंतवाडीस, किंवा आमच्या इकडे नर्मदाकाठी बुधनीस, लाखेची खेळणी होतात. तेथे दांड्याच्या टोकाशी वस्तू कातावयाची, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढवावयाचा आणि अखेरीस वस्तू कापून वेगळी करावयाची, अशी रीत आहे. भोवऱ्यास किंवा खुळखुळ्यास ती पुरते. हातभर रुंदीचा वाडगा असा दांड्याच्या टोकाशी धरता येत नाही. त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात खोबण कोरून तीत वाडगा दाबून बसवितात. पण पकड सैल झाली तर वाडगा निसटतो आणि घट्ट झाली तर काठ फुटतो.

निर्वात चक हा त्यावरचा नवा उपाय होय. एका पोकळ नळकांड्याच्या काठावर मऊ रबराचे कडे चिकटवितात व ते लेथच्या स्पिंडलवर बसवितात. स्पिंडल आरपार पोकळ असते. त्याच्या मागील टोकास फिरता सांधा, सांध्यास रबरी नळी, व नळीस हवा खेचणारा पंप. वाडगा नळकांड्यावर पालथा टेकविला आणि पंप सुरू केला की तो जागीच खिळतो, आणि सबंध बूड हत्यारासाठी मोकळे राहते.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने अशी मांडणी केली आहे. वडील नाहीत, आई शिवणकाम करते, आणि याच्या लेथवर घराची बरीच भिस्त आहे. तो मोठा खिन्न होऊन आमच्याकडे आला. "फादर, पंप देणाऱ्याने काटा 740 वर जाईल म्हणून सांगितले होते. माझा 680 च्या पुढे सरकत नाही. पंप बिघडका निघाला. दुसरा घ्यायचा तर कर्ज काढावे लागेल."

आम्ही त्यास म्हटले, "कर्ज काढण्यापूर्वी इंदूर समुद्रापासून किती उंचावर आहे ते पाहा."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्राचीनांचे एक मत आम्हांस शिकविले गेले होते, की निसर्गास पोकळी सहन होत नाही, आणि म्हणून रिती जागा सारे काही आपणाकडे ओढते. 1644 मध्ये फ्लॉरेन्स येथे टॉरिचेल्ली याने पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने दाखविले की पोकळी काहीच ओढत नाही. आपण हवेच्या एका अथांग समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेचे ओझेच पारा वर ढकलते. कापुचिन धर्मगुरू वालेरियानो माग्नी यांनी 1647 मध्ये वॉर्सा येथे असाच प्रयोग जाहीरपणे करून दाखविला. पुढील वर्षी, 19 सप्टेंबर 1648 रोजी, पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम हा डोंगर चढला. पायथ्याशी क्लेरमाँच्या मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवली होती आणि मिनिम संघाचे फादर शास्तँ दिवसभर तिच्यापाशी बसून पारा हलतो का हे पाहत होते. तो हलला नाही. सुमारे हजार मीटर उंचीवरील शिखरावर मात्र पारा साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास खाली आला होता. डोंगर चढणाऱ्याचे नाव पुस्तकांत ठळक येते. आम्हांस मात्र त्या बागेत नळीपाशी बसून राहिलेल्या फादरांचे अधिक कौतुक वाटते.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. वसईच्या किनाऱ्यावर हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरांच्या आसपास असतो, तर आमच्याकडे तो 710 च्या आसपास भरतो. गेजचा काटा बाहेरची हवा व आतली हवा यांतील फरक दाखवितो. बाहेर 710 च असेल, तर जगातील उत्तमातील उत्तम पंपही येथे 740 दाखवू शकणार नाही. त्या तरुणाचा 680 दाखविणारा पंप निकामी तर नव्हेच, उलट फार चांगला आहे. याच इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-2' नावाचे 172.5 मीटर परिघाचे वलय आहे. त्यात इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत राहावेत म्हणून जवळजवळ सारी हवा काढून टाकलेली असते. वाडग्यास तेवढ्या शुद्ध पोकळीची गरज नाही.

गरज आहे ती हिशेबाची. काटा 500 वर स्थिर राहिला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 680 ग्रॅमचा भार पडतो. नळकांड्याचा आतील व्यास 10 सेंटिमीटर असेल तर एकूण पकड सुमारे 53 किलोंची होते. 5 सेंटिमीटर असेल तर अवघी 13 किलोंची. व्यास निम्मा केला की पकड चौथाईवर येते, हे विसरून लहान नळकांड्यावर मोठा वाडगा लावणारे स्वतःच्या जिवाशी खेळतात. उलट, 15 सेंटिमीटरच्या नळकांड्यावर तीच पकड 120 किलोंच्या घरात जाते. एवढा भार पातळ वाडग्याच्या पाठीवर पडला तर तो आत चेपून त्याच्या ठिकऱ्या होतात. म्हणून नळीवर एक लहान व्हॉल्व्ह ठेवून थोडी बाहेरची हवा आत घ्यावी आणि पातळ कामास पकड मुद्दाम कमी करावी.

पंप चांगला असूनही वाडगा लावल्यावर काटा खाली येतो तो गळतीमुळे. ती शोधताना घाई करू नये. प्रथम पंपाचे तोंड बंद करून काटा पाहावा. मग नळीचे दुसरे टोक बंद करून. मग सांधा जोडून स्पिंडलचे तोंड बंद करून. शेवटी नळकांड्यावर जाड काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा सपाट तुकडा टेकवून. हे सर्व लेथ थांबलेली असताना करावयाचे. ज्या पायरीस काटा उतरला, तेथे दोष. काचेवर काटा उत्तम आणि वाडग्यावर वाईट, तर दोष लाकडात समजावा. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची मोळीच होय. आडव्या कापातून, गाठीतून, बारीकशा तड्यातून हवा आत शिरते. तेथे चिकटपट्टी लावावी किंवा सीलरचा हात द्यावा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो काचेवर झकास काटा दाखवितो, परंतु हवा थोडी थोडी खेचतो, आणि सच्छिद्र लाकडाच्या गळतीपुढे हार खातो.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. काम चालू असता वीज गेली तर पंप थांबतो, पण लेथ आपल्या वेगाने काही क्षण फिरतच राहते. गळक्या लाकडाची पकड त्या काही क्षणांतच नाहीशी होते आणि वाडगा थेट तोंडावर येतो. यासाठी पंप व चक यांच्या मध्ये पोलादी टाकी बसवावी आणि पंप व टाकी यांच्या मध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह घालावा; म्हणजे वीज गेली तरी टाकीतील पोकळी थोडा वेळ वाडगा धरून ठेवते. प्लॅस्टिकचा डबा टाकी म्हणून चालणार नाही, तो चेपेल. काटा डोळ्यांसमोर असावा, पाठीमागे नव्हे. वेग कमी ठेवावा, काप हलका घ्यावा, आणि बुडाच्या मध्यावरील शेवटचा टिकला उरेपर्यंत टेलस्टॉकचा आधार काढू नये. आमच्या लोकांच्या कारखान्यांत संत योसेफाची तसबीर असते आणि तिच्याच खाली चेहरा झाकावयाची जाळी खुंटीला टांगलेली असते. तसबीर तेथेच असू द्यावी. जाळी मात्र खाली काढून तोंडावर चढवावी.

घरातील मंडळींसही दोन शब्द. घराच्या पडवीतच लेथ असली की पंपाची घरघर दिवसभर चालते, आणि जेवायला हाक मारताना कोणीतरी तीच आधी बंद करते. पंपाच्या बटणावर तांबडा रंग लावून ठेवावा आणि लहानथोरांस सांगावे की याला हात लावावयाचा नाही.

काम संपल्यावर क्रम असा: प्रथम लेथ बंद करून ती पूर्ण थांबू द्यावी, मग डावा तळवा वाडग्याखाली धरावा, मग उजव्या हाताने व्हॉल्व्ह उघडावा. हवा आत शिरल्याचा बारीकसा सुस्कारा ऐकू येतो आणि वाडगा तळव्यावर अलगद उतरतो. पंप सर्वांच्या शेवटी बंद करावा.