समुद्रातील इवले जीव आणि आकाशातील ढग

मुलांनो, समुद्रकिनारी गेल्यावर एक निराळाच वास येतो. तुम्ही म्हणाल, "हा खाऱ्या पाण्याचा वास!" पण घरातल्या बरणीतले मीठ हुंगून पाहा. त्याला असा वास येत नाही. समुद्राच्या वासात डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचाही वाटा असतो. हा वायू प्लवकांमुळे तयार होतो. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे जीव. त्यांपैकी बहुतेक इतके लहान असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

१९७१ साली ब्रिटनहून दक्षिणेकडे निघालेल्या 'शॅकल्टन' जहाजावर जेम्स लव्हलॉक या शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्यातील हा वायू मोजण्याचे काम सुरू केले. हवेत गेल्यावर या वायूपासून गंधकयुक्त सूक्ष्म कण बनतात. अशा कणांवर वाफ जमते आणि ढगांतले थेंब तयार होतात. कण जास्त असले, की थेंब पुष्कळ पण लहान होतात. मग ढग अधिक पांढरा होतो आणि जास्त सूर्यप्रकाश परत पाठवतो.

१९८७ साली लव्हलॉक व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. ऊन वाढले की प्लवकांचा वायू वाढेल, ढग पांढरे होतील आणि पृथ्वी पुन्हा थंड होईल! कल्पना सुंदर होती. पण सुंदर कल्पना खरी असतेच असे नाही. २०११ साली दोन शास्त्रज्ञांनी तिचा एकेक दुवा तपासला आणि ती टिकत नाही असे दाखवले. समुद्रावरच्या ढगांना लाटांच्या तुषारांतून उडणारे मीठ आणि इतर कणही लागतात, हे त्यांनी लक्षात आणून दिले.

मग खरे काय? ते समुद्रावर जाऊनच कळणार होते. २०१५ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने उत्तर अटलांटिक महासागरात चार मोहिमा काढल्या. खाली जहाज पाणी तपासत होते, वर विमान हवा तपासत होते. प्लवक ऋतूप्रमाणे वाढतात आणि घटतात, म्हणून शास्त्रज्ञ वेगवेगळ्या ऋतूंत गेले. वसंताच्या शेवटी प्लवकांपासून बनलेले कण ढगांना बरेच मिळतात, हिवाळ्याच्या तोंडावर फारच कमी, असे त्यांना दिसले.

कोणी विचारील, "डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी एवढा खर्च कशाला?" मला हा खर्च योग्य वाटतो. कापड मुळात किती पांढरे होते हे माहीत नसेल, तर त्यावर मळ किती बसला हे कसे सांगणार? आपल्या कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूरही ढगांत जातो. त्या धुराने ढग किती बदलले हे जाणायचे, तर धुराआधीची स्वच्छ हवा कशी होती ते कळलेच पाहिजे. पृथ्वी पुढे किती तापेल, याचा अंदाजही त्यावरच अवलंबून आहे.

२०२४ साली 'पेस' नावाचा उपग्रह आकाशात सोडण्यात आला. तो समुद्राचे रंग पाहून प्लवकांचा शोध घेतो आणि हवेतले कणही पाहतो. तरीही पृथ्वी स्वतःच थंड होईल, या भरवशावर आपण बसू नये. समुद्रातले जीव त्यांचे काम करतात. धूर कमी करणे हे मात्र आपले काम आहे. ते आपल्यासाठी दुसरे कोण करणार?