नसती बिलामत

पाथर्डी तालुक्यात मुलगी घरातून निघून गेली की पहिला प्रश्न येतो, ‘कुणाबरोबर?’ ‘कशापायी?’ असं फारसं कुणी विचारत नाही. ती कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली हे कळलं, की गावाचा सगळा राग त्या दारावर निघतो. मावशी असो, शाळेतल्या बाई असोत, मैत्रिणीची आई असो, ‘आमच्या पोरीला फूस लावली’ हा शिक्का तयारच असतो. म्हणून शहाणी माणसं दार उघडतच नाहीत. नसती बिलामत कशाला गळ्यात घ्यायची?

असा प्रसंग इथल्या कुठल्याही वाडीवर घडू शकतो. पंधरा-सोळा वर्षांची पोर दिवेलागणीनंतर येते. दप्तरात वह्यांऐवजी एक ड्रेस, आधार कार्ड आणि नववीचं प्रगतिपुस्तक. सोयरीक चुलत्याने जमवलेली, हळद परवावर आलेली. घरातली बाई तिला आत घेते, पाण्याचा तांब्या देते आणि नवऱ्याकडे बघते. नवरा बाहेर जाऊन फोन लावतो तो मुलीच्या बापाला. तासाभरात बाप, चुलते, दोन मोटारसायकली. पोर मुकाट्याने मागे बसते. ‘बरं झालं, वेळेवर कळवलंत,’ म्हणून त्या नवऱ्याचे आभारही मानले जातात. आपल्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात. मी याला पोर विकल्याची पावती म्हणतो.

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 137 सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला कायदेशीर पालकाच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून नेणं, फूस लावून नेणं, हे अपहरण. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मुलगी स्वतःच्या मर्जीने आली असं म्हणून सुटका नाही, तिची संमती इथे मोजत नाहीत. शिवाय अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली बजावलेलं आहे. म्हणजे बापाने ठाण्याची पायरी चढली की अज्ञात इसमावर गुन्हा दाखल होतो आणि त्या अज्ञाताच्या जागी पहिलं नाव सुचतं ते आसरा देणाऱ्याचं. कलम 142 आणखी पुढे जातं. अपहरण झालंय हे माहीत असून त्या मुलाला लपवून ठेवलं, तर लपवणाऱ्यालाही अपहरण करणाऱ्याइतकीच शिक्षा.

पण शब्द नीट वाचा. नेणं, फूस लावणं, लपवणं. दारात आलेल्या पोरीला आत घेऊन भाकरी देणं यात कुठे आहे? मद्रासच्या वरदराजन खटल्यात 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. मुलगी सज्ञान व्हायला आलेली होती, तिला कळत होतं, ती आपल्या पायांनी बाहेर पडली. तिला बरोबर घेणं म्हणजे तिला ‘नेणं’ नव्हे, असं ठरवून आरोपीला सोडलं. चौदा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत या निकालाच्या भरवशावर कुणी राहू नये, आणि आसऱ्याच्या नावाखाली पोरीला नादी लावणाऱ्याने तर मुळीच नाही. त्याच्यासाठी सात वर्षंही कमीच.

खरी वाट वेगळी आहे आणि ती अवघड नाही. बाल न्याय कायदा 2015 मध्ये घरातून पळालेलं मूल आणि वयाआधी लग्न लावलं जाण्याच्या तोंडावर असलेलं मूल, दोघंही ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं’ आहेत. अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे कोण नेऊ शकतं? पोलीस, सामाजिक कार्यकर्ता, कुणीही सजग नागरिक, इतकंच काय, मूल स्वतःसुद्धा. मुदत चोवीस तास, आणि प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे हजर केलं तरी चालतं. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक रात्री दोनलाही उचलला जावा म्हणूनच आहे. फोन करा, वेळ लिहून ठेवा, ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या, आणि ‘तुला इथे लपवणार नाही, पण एकटीही सोडणार नाही’ हे पोरीला तोंडावर सांगा. मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, आणि सद्हेतूने कळवणाऱ्याला तोच कायदा संरक्षण देतो. पाथर्डीहून अहिल्यानगर पन्नासेक किलोमीटर. देवदर्शनाला याच्या दसपट अंतर आपण हसत जातो.

मग फोन बापालाच का जातो? कायद्याच्या भीतीने नव्हे. भीती असते ती भावकीची. पाण्याच्या टँकरवर कुणी बोलणार नाही, लेकीच्या सोयरिकीत कुणी मध्ये पडणार नाही, याची. मढीच्या यात्रेत भटक्या जमातींच्या जातपंचायती भरत, त्यांच्यावर आपण भाषणं ठोकली; बिनपंचायतीचं हे वाळीत टाकणं मात्र रीतभात म्हणून खपतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तो भावकीलाही लागू आहे, हे आठवतं कुणाला?

आता मांडवाकडे या. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 नुसार लग्न लावणारा गुन्हेगार, लग्नाला चालना देणारा गुन्हेगार, आणि त्या लग्नाला हजर राहून भाग घेणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. मंडपवाला, आचारी, बँडवाला, भटजी, आहेराची वही लिहिणारा भाऊसाहेब, पुढच्या रांगेत फेटा बांधून बसलेले पुढारी, सगळे तिथे उजेडात, फोटोत, व्हिडिओत असतात. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक. कित्येकदा पत्रिका त्यांनाही गेलेली असते! एका रात्रीचा आसरा देताना ज्यांना कलमं आठवतात, त्यांना बुंदी वाढून घेताना एकही कलम आठवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. ही लग्नं भुयारात लागली नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या बापाला मी राक्षस ठरवणार नाही. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली आणि बहुधा खर्च झालेली. सहा महिने फडावर राहायचं, वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची की कोपीत झोपवायची? लग्न लावलं की जोखीम उतरते आणि जावयाच्या घरी एक नवा कोयता उभा राहतो. या हिशेबात साखर कारखाने आहेत, पुढारी आहेत आणि स्वस्त साखर खाणारे आपणही आहोत. पण बापाची लाचारी समजून घेणं वेगळं आणि पोरीला हाताला धरून परत त्याच हिशेबात बसवणं वेगळं.

सावित्रीबाई फुले यांचं अध्यापनाचं शिक्षण झालं ते याच जिल्ह्याच्या ठिकाणी, मिस फरार यांच्याकडे. 1868 च्या ऑगस्टमध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक हकिगत कळवली आहे. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी; मुलीला दिवस गेलेले, आणि गाव दोघांचा जीव घ्यायला निघालेलं. बाई धावत तिथे गेल्या आणि खून केलात तर इंग्रज सरकारच्या कायद्याने काय होईल, हे जमावाला सुनावलं. मग त्या दोघांना त्यांनी जोतीरावांकडे पाठवून दिलं. कायद्याचा धाक त्यांनी मारणाऱ्यांना दाखवला. आपण तो पाणी देणाऱ्याला दाखवतो.

आणि पोर बाल कल्याण समितीपुढे पोचली तरी सुटली असं नाही. बापाकडून हमीपत्र घेतलं जातं, ‘अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही’, आणि ती घरी जाते. मग हंगाम सुरू होतो, कुटुंब कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर जातं आणि हमीपत्र नगरच्या फायलीत राहतं. सरपंच हे गावाच्या बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष असतात, ग्रामसेवक आहेत, अंगणवाडीताई आहेत. डिसेंबरात त्यांना विचारा की ती पोर आता कुठे आहे, कुणाजवळ आहे, लग्न झालं का. बाहेरगावी गेलेल्यांचं आम्हाला कसं कळणार, म्हणतील. मुकादमाला विचारा. कुठला कोयता कुठल्या कारखान्याला, कुठल्या फडावर, कुणाच्या टोळीत आहे, हे त्याला पाठ असतं, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात.